कागदावर नसलेली मुळशी

एक साधा प्रश्न. हिंजवडी कुठल्या तालुक्यात येते?

मागच्या आठवड्यात हापिसात जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न टाकून पाहिला. आठ माणसं, सगळी गेली पाच ते पंधरा वर्षं रोज सकाळी तिथे जाऊन संध्याकाळी (खरं तर रात्री) घरी परतणारी. तिघं म्हणाले हवेली. एक जण म्हणाली, "पिंपरी-चिंचवड हाच तालुका ना?" आणि एकाने अजिबात न हसता "फेज टू" असं उत्तर दिलं. बरोबर उत्तर आहे मुळशी. तालुक्याचं मुख्य ठिकाण पौड. आपण ज्या काचेच्या इमारतींत बसून सातासमुद्रापलीकडच्या लोकांचा डेटा जिवापाड सांभाळतो, त्या इमारती मुळशी तालुक्यात उभ्या आहेत.

मी हसायचं काही कारण नाही. मलाही २००९ पर्यंत हे माहीत नव्हतं. मुळशी म्हणजे आपल्यासाठी पावसाळ्यातला विकांत. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग तो अथांग तलाव, टपरीवरची कांदाभजी, ताम्हिणीचे धबधबे आणि परतताना भूगावला खोळंबा. २०१८ नंतर त्यात 'मुळशी पॅटर्न' सिनेमाची भर पडली. आणि फोनवर दर दोन दिवसांनी येणारा तो मेसेज असतोच: तलावाचं दर्शन होणारा प्लॉट, सुलभ हप्ते, क्लिअर टायटल.

तर त्या तलावाबद्दल, त्या 'क्लिअर टायटल'बद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल आज लिहितोय. चूक आधी सांगतो, म्हणजे बाकीचं का लिहितोय ते कळेल.

*

२००९ चा उन्हाळा. आम्ही चार मित्र, एक जुनी गाडी आणि डोक्यात शिरलेलं एक खूळ: धरणाच्या काठच्या गावांचा इतिहास गोळा करायचा. म्हातारी माणसं एकेक करून जाताहेत, त्यांच्याकडे काय आहे ते लिहून ठेवलं पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्हाला पटलं. पैसे नकोत, नाव नको, शनिवार-रविवार द्यायचे. कल्पना वाईट नव्हती.

आयटीवाल्यांच्या सवयीप्रमाणे आम्ही आधी एक्सेलची शीट बनवली. रकाने असे: अनुक्रमांक, गाव, स्थापनेचं वर्ष, प्रमुख घराणी, मंदिरं, ऐतिहासिक घटना, शेरा. फार व्यवस्थित दिसत होती. पहिल्याच गावात ती आपटली. 'गावाची स्थापना कधी झाली' या प्रश्नावर लोक आमच्याकडे, पृथ्वीची स्थापना कधी झाली असं विचारल्यासारखं बघायचे.

मग एका घरी एक आजी भेटल्या. ऐंशीच्या आसपास असतील. आम्ही विचारलं, "आजी, गावाचा इतिहास सांगता का?" त्या म्हणाल्या, "मला काय ठावं बाबा? इतिहास त्या पाटलाच्या घरी इचारा. आमी काय लिवून ठिवलंय व्हय?" आम्ही उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने विचारलं, "जात्यावरच्या ओव्या येतात का हो?" त्यावर आजी हसल्या. म्हणाल्या, "तशी कशी येल? जातं लागतंय." मागच्या पडवीत जातं होतं, बरीच वर्षं न वापरलेलं. त्यांनी फडक्याने ते पुसलं, मूठभर तांदूळ घातले, खुंटा धरला आणि दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्या गायला लागल्या. माहेरच्या वाटेबद्दल होतं. त्यांच्या आईचं माहेर पाण्याखाली गेलेलं, हे नंतर बोलता बोलता कळलं.

मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि वहीतही उतरवून घेतलं. रात्री घरी येऊन शीटमध्ये टाइप केलं. टाइप करताना 'म्हायार'चं 'माहेर' केलं, 'वाट्नं'चं 'वाटेने' केलं, एक ओळ मीटरमध्ये बसत नव्हती म्हणून एक शब्दही बदलला. शुद्ध मराठी! शेरा या रकान्यात लिहिलं, 'गावातील एका वृद्ध महिलेकडून'.

पुढच्या वर्षी फोन खराब झाला आणि रेकॉर्डिंग गेलं. उरलं काय? मी 'सुधारलेली' एक ओवी आणि 'एक वृद्ध महिला'. नाव लिहिलंच नव्हतं, कारण शीटमध्ये सांगणाऱ्याच्या नावाचा रकानाच नव्हता. देवळांसाठी होता, घराण्यांसाठी होता. तिच्यासाठी नव्हता.

ही चूक किती मोठी होती, हे मला मुळशीचा इतिहास वाचल्यावर कळलं.

*

आता तलावाची गोष्ट.

सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो. कड्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी मुळेत, भीमेत, कृष्णेत जाऊन शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. पण कड्याच्या पश्चिमेला कोकण सरळ खाली आहे. माथ्यावर पाणी अडवून बोगद्यातून कोकणाच्या बाजूला सोडलं, तर सुमारे ५०० मीटरची धार मिळते आणि तिच्यावर वीज करता येते. टाटांनी हे आधी लोणावळ्याच्या बाजूला करून दाखवलं होतं. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना त्याची वीज मिळू लागली. मुंबईची भूक वाढत होती. पुढची जागा ठरली मुळशीची, निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात. वीजघर खाली कोकणात, भिऱ्याला.

अभियांत्रिकी म्हणून योजना सुरेखच होती, त्यात वाद नाही. फक्त जिथे तलाव होणार होता तिथे माणसं राहत होती. पन्नासहून अधिक गावं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं. बहुतेक मावळे, म्हणजे या खोऱ्यातले शेतकरी. जमीन भाताची, आणि तिथला आंबेमोहोर पुण्यात नावाजलेला.

जमीन रीतसर ताब्यात घेण्याआधीच शेतांतून चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. एका कुळाने हरकत घेतली, तर इंग्रज इंजिनियरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असा प्रसंग या लढ्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. बातमी पुण्यात पोहोचली. सभा झाल्या. आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास माणसं, बायका-पोरांसकट, धरणाच्या जागेवर जाऊन बसली. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त मुळशी पेट्यावर लिहिलं. कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता टाटांनी लोकांशी बोलावं, असा त्यांचा सूर होता.

काम थांबलं. पण काही महिन्यांपुरतंच. १९२१ च्या अखेरीस ते परत सुरू झालं, सत्याग्रहही परत सुरू झाला, आणि पुढची दोन-तीन वर्षं अटका, तुरुंग, मारहाण असं चालू राहिलं. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती' झाले. होय, तेच. ज्या सेनापती बापट रस्त्यावर पुण्यात आपण सिग्नलला उभे असतो, त्या रस्त्याच्या नावातलं 'सेनापती' मुळशीतून आलंय. सैन्य होतं ते या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं आणि त्यांच्या साथीला आलेल्या स्वयंसेवकांचं. अहिंसेने काही होत नाही असं दिसल्यावर डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी काही साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. शस्त्रंही वापरली. पळून गेले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली.

१९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. सत्याग्रह हरला होता.

*

तो का हरला, हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे.

पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर मराठीत 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक लिहिलं, आणि २००९ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी मुळशीला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. (आम्ही शीट घेऊन हिंडत होतो त्याच वर्षी ते छापून आलं. आम्हाला पत्ताही नव्हता. आधी वाचावं आणि मग गाडी काढावी, एवढं साधं शहाणपण.) व्होरांनी एक गोष्ट फार स्पष्ट मांडली आहे. या खोऱ्यातली पुष्कळशी जमीन कागदावर कसणाऱ्यांच्या नावे नव्हतीच. कर्जापायी ती पुण्यातल्या सावकारांच्या नावे झालेली होती. मावळे ती कसत होते, कुळं म्हणून.

म्हणजे लढ्यात दोन वेगळ्या मागण्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. कुळाला जमीन हवी होती, कारण जमीन गेली की त्याचं सगळंच गेलं. सावकाराला मात्र जमिनीची किंमत मिळाली की पुरत होतं, आणि किंमत जितकी जास्त तितकं चांगलं. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेऊन नुकसानभरपाई द्यायचं ठरवल्यावर हे दोन रस्ते फुटले. भरपाई कुणाला मिळणार? ज्याचं नाव कागदावर त्याला.

हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. ज्याचं नाव कागदावर त्याला.

कित्येक पिढ्या त्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या माणसाचं नाव कागदावर नव्हतं, म्हणून त्याची जमीन गेलीच आणि मोबदलाही दुसऱ्याच्या घरी गेला. त्याची बायको तर कागदापासून आणखी एक पायरी लांब. तिचं नाव कुठल्याही खतावर, उताऱ्यावर, कोर्टाच्या दफ्तरात असायचं कारणच नव्हतं. सत्याग्रहात अटक झाली तरच ते पोलिसांच्या कागदावर यायचं.

आणि इतिहासाचंही हेच होतं. मुळशीबद्दल आज आपल्याला जे कळतं ते कुठून कळतं? सरकारी दफ्तरांतून, वर्तमानपत्रांतून, आणि स्वतः लढ्यात असलेल्या विनायकराव भुस्कुट्यांसारख्या शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या लिखाणातून. हे सगळं मोलाचं आहे, ते नसतं तर आपल्याला काहीच कळलं नसतं. पण या सगळ्यांत ज्यांची चूल हलली त्या माणसांचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून येतं.

आता माझा 'गावातील एका वृद्ध महिलेकडून' हा शेरा परत वाचा. आईचं माहेर पाण्याखाली गेलेल्या एका बाईला मी, शंभर टक्के चांगल्या हेतूने, परत एकदा कागदाबाहेर ठेवलं होतं.

*

पुण्याला कागद गोळा करण्याची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव वणवण करून, लोकांच्या माळ्यांवरची आणि पेटाऱ्यांतली दफ्तरं शोधत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. १९१० साली त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पगार नाही, पाठबळ नाही, स्वतःच्या हट्टावर केलेलं काम. स्वयंसेवा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पण राजवाड्यांना जे सापडायचं ते कागद असलेल्या घरांत सापडायचं. मंडळ स्थापन झालं त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच, तिथून पन्नासेक किलोमीटरवर, गावंच्या गावं बुडण्याची तयारी चालू होती आणि तिथल्या बहुतेक घरांत जपायला दफ्तरच नव्हतं. तिथे जातं होतं.

जातं ही थट्टा नाही. पहाटे, सगळं घर झोपेत असताना, बाई (बऱ्याचदा दोघी, समोरासमोर बसून) दळायला बसायची आणि तो एवढाच वेळ असा की ती काय म्हणते ते ऐकायला सासू नाही, नवरा नाही. दोन ओळींची ओवी. तिच्यात आई, भाऊ, लेकीचा जन्म, सासुरवास, वनवासातली सीता, पंढरीची वाट. पुढे एसटी आली तीही ओवीत शिरली, आगगाडी शिरली, बाबासाहेब आंबेडकर आले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे आयुष्यभर हे काम केलं. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांना आराम पडला (तो पडायलाच हवा होता, उगाच जुनं ते सोनं करू नये), पण गाण्याची वेळही गेली.

आणि इथे मुळशी परत येते.

१९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघे पुण्यातून मुळशीच्या डोंगरी भागात काम करत होते. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. 'गरीब डोंगरी संघटना' नावाच्या संघटनेच्या कामातून त्यांची गावातल्या बायकांशी ओळख झाली आणि ओव्यांशीही. त्या कामातून एक प्रचंड संग्रह उभा राहिला. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या. सुरुवात मुळशीच्या आसपास, मग सगळा महाराष्ट्र.

हे आकडे दोन प्राध्यापकी माणसांनी एकट्याने गाठलेले नाहीत. गोळा करणाऱ्यांमध्ये संघटनेच्या, गावातल्याच बायका होत्या. नांदगाव, कोळवडे अशा मुळशीतल्या गावांतल्या बायका स्वतः ओव्या गायच्या आणि शेजारच्या गावात जाऊन दुसरीच्या ओव्या मिळवायच्या. म्हणजे 'शहरातले स्वयंसेवक आले आणि त्यांनी खेड्याचा इतिहास वाचवला' असा हा मामला नाही. ज्यांचा इतिहास त्यांनीच तो वेचला, आणि शिकलेल्यांनी लिहिणं, लावणं, जपणं याची बाजू सांभाळली.

१९९० च्या दशकात बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच गृहस्थ यात आले, आणि इथे आपल्या जातीचे लोक कान टवकारतील. बेल मूळचे संगणकवाले आणि संगीताचे अभ्यासक. जेम्स किपेन यांच्याबरोबर त्यांनी १९८० च्या दशकात तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर केलं होतं. ओव्यांचा डेटाबेस उभा करण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रणही झालं. तो काळ आठवा. युनिकोड कागदावर होता पण आपल्या मशिनवर नव्हता. दर डीटीपीवाल्याचा फाँट वेगळा, आणि एका मशिनवरची मराठी दुसऱ्यावर गेली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. अशा काळात लाखभर ओव्या जपायच्या!

त्या डेटाबेसची रचना मी जेव्हा पाहिली तेव्हा माझ्या एक्सेलची मला खरोखर लाज वाटली. प्रत्येक ओवीला स्वतःचा ओळख क्रमांक. विषयांचं एक मोठं झाड, फांद्या, उपफांद्या, आणि ओवी त्यातल्या नेमक्या जागी. आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव.

अजून एक गोष्ट. एकच ओवी दहा गावांत दहा बायका थोडी थोडी बदलून गातात. आपण काय केलं असतं? डुप्लिकेट म्हणून नऊ उडवल्या असत्या आणि एक 'शुद्ध' ठेवली असती. इथे प्रत्येकीची वेगळी नोंद. बरोबरच आहे ते, कारण कुणी कुठला शब्द बदलला तिथेच तर ती बाई दिसते. मी जो 'म्हायार' खोडला, तीच माझी आजी होती.

हेमा राईरकर आणि पॉइटवाँ आज नाहीत. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पण संग्रह वाचला. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या, आवाज, चित्रफिती आणि भाषांतरांसह, सगळ्यांसाठी खुल्या केल्या. मुळशीतल्या त्याच गावांत परत जाऊन गाणाऱ्या बायकांना परत भेटून, परत चित्रण करून. फुकट ऐकता येतात. आज रात्री हेडफोन लावून ऐका.

*

एक शंका तुमच्या मनात आली असेल, माझ्याही आली होती. ओवी म्हणजे इतिहास कसा? तिला तारीख नाही, पुरावा नाही, कोण खरं बोलतंय कसं कळणार?

शंका रास्त आहे. किती एकर जमीन बुडाली, धरणाचं काम कधी थांबलं, भरपाई किती दिली, हे ओवीला विचारू नये. त्याला दफ्तरच हवं. पण घर हलवताना काय वाटलं, माहेरची वाटच पाण्याखाली गेल्यावर सणाला लेक कुठे जायची, हे दफ्तराला विचारून उपयोग नाही. दोन्ही साधनं आहेत, दोन्ही तपासून घ्यायची. फक्त एक आपोआप जपलं जातं, कारण त्याच्यावर शिक्का असतो. दुसरं कुणीतरी मुद्दाम जपावं लागतं.

आयर्लंडने हे फार छान केलंय. १९३७ ते १९३९ या काळात तिथे प्राथमिक शाळांतल्या मुलांना सांगितलं गेलं की घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या आणि वहीत लिहा: गोष्टी, औषधं, जागांची नावं, दुष्काळाच्या आठवणी. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० च्या आसपास मुलं, आणि जमलेली पानं ७ लाखांच्या वर. कुणी सांगितलं, कुठलं गाव, हे मुलांनी वहीत लिहिलं. आज ती पानं महाजालावर आहेत आणि जगभरचे स्वयंसेवक, आपल्यासारखेच रात्री जेवल्यावर, एकेक पान टाइप करून देतात. दहा-बारा वर्षांच्या पोरांना जे जमलं ते आमच्या चार इंजिनियरांना जमलं नव्हतं.

*

आता शेवटचं. २०११ मध्ये मी त्या गावी परत गेलो. एकटाच. ओवी परत रेकॉर्ड करायची, आणि मुख्य म्हणजे नाव विचारायचं. आजी आदल्या थंडीत गेल्या होत्या. घराला कुलूप होतं, मुलगा पिरंगुटच्या बाजूला कारखान्यात कामाला, तिकडेच राहायला. शेजारच्या काकूंनी चहा दिला आणि नाव सांगितलं. आजींचं नाव, माहेरचं गाव, त्यांच्या आईचं नावसुद्धा. मला वाटलं होतं की कुणाला माहीत नसेल. काकूंना सगळं पाठ होतं. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

मागच्या पडवीत जातं तसंच होतं. समोरच्या उतारावर सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण नवीन होतं. काकू म्हणाल्या, "पुन्याच्या सायबांनी घेतलीय." साहेबांकडे कागद असणारच. क्लिअर टायटल.

माझ्या शीटमध्ये आता पहिला रकाना नावाचा आहे. तुम्हाला असं काही करायची हुक्की आली (यावी!), तर आमच्या चुकांतून शिकलेलं थोडक्यात सांगतो. आधी वाचून जा. ज्याने सांगितलं त्याचं नाव आणि गाव पहिल्यांदा लिहा, आणि ते कुठे वापरणार हे त्याला आधी विचारा. नको म्हणाला तर नको. शब्द जसा कानावर पडला तसाच उतरवा, तुमचं व्याकरण घरी ठेवा. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती तीन ठिकाणी (हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मलाही कुणी सांगायला नको होतं). आणि एक प्रत गावात परत द्या, शाळेत, ग्रामपंचायतीत, ज्या घरातून मिळालं त्या घरात. नाहीतर आपणही तिथलं काहीतरी उचलून शहरात आणणारे आणखी एक साहेबच.

मुळशीपर्यंत जायलाच हवं असंही नाही. तुमच्या आजीचं नाव तुम्हाला माहीत असेल. तिच्या आईचं आहे का? लग्नाआधीचं? मला माझ्या पणजीचं नव्हतं. फोन करून विचारलं, तर आईलाही सांगता येईना. शेवटी सांगलीच्या मावशीआजीकडे कळलं. त्या नव्वदीच्या आहेत, दुपारी झोपतात. पाचनंतर फोन केलेला बरा.